'रोमिओ-ज्युलिएट'चं मॉरल "मोठ्यांचं ऐका" हे नाहीये, साहेब!

पोस्ट मोठी आहे. ज्यांची मुलं सहावी ते आठवीत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या घाला.

आमच्या चिखलीतल्या एका इंग्लिश मिडीयम शाळेत यंदा आठवीच्या इंग्रजीच्या मॅडमनी शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' शिकवायला घेतलं. शाळेचं नाव घेत नाही. कुणाची नोकरी घालवायची नाहीये, आणि प्रश्न एका शाळेचा नाहीच. नाटक पाठ्यपुस्तकात नव्हतं. पुस्तकाचा पोर्शन सांभाळून आठवड्यातले दोन तास त्या यासाठी काढायच्या. मोजके प्रवेश मूळ इंग्रजीत, मुलांना उभं करून, पट्टीची तलवार करून. अडलं की मराठीत आणि हिंदीत समजवायच्या. माझी मुलगी त्या वर्गात आहे.

तीन आठवडे घरात वेगळंच वारं होतं. एरवी "शाळेत काय झालं?" विचारलं की "काही नाही" हे उत्तर ठरलेलं. आता मी सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला आलो तरी ही जागी. "पप्पा, तो मध्ये पडला भांडण सोडवायला आणि त्याच्याच हाताखालून मित्राला तलवार लागली. मग चूक कुणाची?" मी पाय धुता धुता उत्तर देतोय. पोरीने इंग्रजीच्या तासाबद्दल मला प्रश्न विचारायची आठ वर्षांतली ही पहिली वेळ.

मग पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडला. "आठवीच्या मुलांना लव्ह स्टोरी शिकवतात, शेवटी दोघं जीव देतात, हे काय संस्कार?" दोन तासांत साठ मेसेज. कुणी लिहिलं फी यासाठी भरतो का. कुणी लिहिलं हे परदेशी थेर आपल्याकडे नको. नाटक वाचलेला त्यात एकही नव्हता. मीसुद्धा नव्हतो, आणि मी गप्प बसलो, हे आधीच कबूल करतो. तिसऱ्या दिवशी नाटक बंद. त्याच्या जागी मुलांना दोन पानांचा गोषवारा वाटला. खाली पाच प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा भरा, आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात मॉरल: आपण नेहमी मोठ्यांचं ऐकावं.

ते मॉरल वाचून माझी पोरगी हसली. म्हणाली, "पप्पा, मोठ्यांचं ऐकलं म्हणून तर सगळं बिघडलं ना."

त्यानंतर मी नाटक मिळवलं. सोप्या इंग्रजीतलं आधी, मग मूळ. मूळ वाचायला दोन रविवार लागले, अर्धं डोक्यावरून गेलं. पण जेवढं कळलं त्यावरून सांगतो, पोरगी बरोबर होती आणि आम्ही साठ मेसेजवाले चूक.

नाटक आहे काय ते थोडक्यात सांगतो, कारण 'रोमिओ' हा शब्द आपण फक्त टपोरी पोरांसाठी वापरतो. व्हेरोना गाव. दोन मोठी घराणी, जुनं वैर. वैर कशावरून, हे नाटकात कुठेही सांगितलेलं नाही. बहुतेक त्यांनाही आठवत नसावं. ज्युलिएट चौदाचीसुद्धा नाही, वाढदिवसाला दोन-अडीच आठवडे आहेत. म्हणजे आपल्या आठवी-नववीतल्या पोरींच्या वयाची. रविवारी रात्री दोघं भेटतात, सोमवारी गुपचूप लग्न, सोमवारीच दुपारी भर रस्त्यात दोन खून, आणि आठवडा संपायच्या आत सगळा खेळ खलास. पाच दिवससुद्धा नाहीत.

आता या पाच दिवसांत मोठी माणसं काय करतात ते बघा. ज्युलिएटचा बाप सुरुवातीला स्थळ घेऊन आलेल्या माणसाला सांगतो की पोर लहान आहे, अजून दोन वर्षं जाऊ दे. तोच बाप दुसऱ्याच दिवशी रात्री तिला न विचारता लग्नाची तारीख ठरवतो. ती नको म्हणते तर तिला हव्या त्या शिव्या देतो, घराबाहेर काढीन, रस्त्यावर मर म्हणतो. आई तोंड फिरवते. जिने अंगावर पाजून वाढवलं ती दाई आदल्या दिवशी लग्नाला मदत करते आणि दुसऱ्या दिवशी म्हणते विसर त्याला, हा दुसरा बरा आहे. पाद्रीबाबांचा हेतू चांगला, पण ते सगळं लपवून करतात आणि सगळा डाव एका पत्रावर लावतात. ते पत्र पोचत नाही. का नाही पोचत? कारण पत्र घेऊन निघालेला माणूस साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. दारं बंद, बाहेर पडायचं नाही. २०२० मध्ये ज्यांच्या सोसायटीला पत्रे ठोकले होते त्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या साठ मेसेजना जी 'लव्ह स्टोरी' वाटली तिच्यात खरं म्हणजे मोठ्यांच्या चुकांची यादी आहे. आणि म्हणूनच ती आपल्याला झोंबते.

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्यासारखे अर्धे चिखलीकर चाकण, तळवडे, भोसरीत हेच करतात, त्यांना पुढचं लगेच कळेल. लाईनवर अपघात झाला किंवा मोठा लॉट रिजेक्ट झाला की आपण व्हाय-व्हाय करतो. का झालं? त्याच्या आधी का? त्याच्याही आधी का? पाच वेळा का विचारायचं, मूळ कारणापर्यंत जायचं. आणि शेवटी कुणी आळशीपणाने लिहिलं की "ऑपरेटरची चूक, ऑपरेटरला समज दिली", तर कस्टमरचा ऑडिटर तो कागद आपल्या तोंडावर फेकतो. कारण उद्या दुसरा ऑपरेटर तीच चूक करणार. मशीनला गार्ड का नव्हता, नवा माणूस ट्रेनिंगशिवाय का उभा केला, सुपरवायझरने का बघितलं नाही, हे विचारल्याशिवाय सुटका नाही.

शोकांतिका म्हणजे माणसाच्या आयुष्याचं व्हाय-व्हाय. दोन पोरं गेली. का? पत्र पोचलं नाही. पत्रावर सगळं का सोडलं? कारण उघड बोलायची सोय नव्हती. का नव्हती? कारण घरात बापाचा शब्द शेवटचा आणि बाहेर वैर. वैर का चालू राहिलं? कारण थांबवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. चौथी-पाचवी पायरी येते तेव्हा मुलं आपल्याकडे बघायला लागतात. आणि आपण त्यांच्या हातात काय दिलं? "आपण नेहमी मोठ्यांचं ऐकावं." म्हणजे, ऑपरेटरला समज दिली, फाईल बंद. जो कागद आपण कंपनीत सहन करत नाही तो पोरांच्या वहीत चालतो.

आता ग्रुपवरच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर देतो. त्या दिवशी दिलं नाही, आज देतो.

पहिला आक्षेप: मुलं लहान आहेत, एवढी हिंसा नको.

बरं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला तेव्हा आपण पाच-सहा वर्षांची लेकरं मांडीवर घेऊन थिएटरात बसलो होतो. शेवटचा अर्धा तास काय होता ते आठवा. मी त्याला नावं ठेवत नाही, मीही गेलो होतो, रडलोही. गणपतीत जिवंत देखाव्यांत अफजलखानाचा कोथळा निघतो तेव्हा पहिल्या रांगेत कोण बसतं? अभिमन्यू चक्रव्यूहात कसा मारला गेला हे आपल्या आजीने आपल्याला पाचव्या वर्षी सांगितलं. कर्णाचं रथाचं चाक सांगितलं. आपली लेकरं मरणाच्या गोष्टींवरच मोठी होतात, आणि त्यात वाईट काही नाही. वारकऱ्यांचं गाव आपलं, टाळगाव चिखली म्हणून मिरवतो, संतपीठ आपल्या गावात. ज्या ज्ञानेश्वरीची पारायणं करतो तिचा पहिला अध्यायच अर्जुनविषादयोग. हातपाय गळालेल्या माणसापासून ग्रंथ सुरू होतो. कुणी म्हणालं का, की लेकरांना थेट दुसऱ्या अध्यायापासून सांगा?

दुसरा आक्षेप: प्रेमप्रकरणं डोक्यात भरतील.

'सैराट' २०१६ ला आला. त्या वर्षी चिखली-मोशीत अशी एक वरात दाखवा जिच्यात 'झिंगाट' वाजलं नाही. साखरपुड्यात वाजलं, बारशात वाजलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाचवीच्या पोरांनी नाचून दाखवलं आणि आपण शिट्ट्या मारल्या. पण त्या सिनेमाचा शेवट काय होता? ते रक्ताचे पाय घेऊन घराबाहेर आलेलं लेकरू? त्यावर किती घरांत मुलांशी बोलणं झालं? गाणं आपण घेतलं आणि शेवट थिएटरात सोडून आलो. वर्गात नाटक शिकवणारी बाई शेवट घेऊन येते आणि म्हणते चला, यावर बोलू. आपल्याला भीती त्याचीच वाटते.

प्रेम मुलांच्या डोक्यात शेक्सपिअर भरत नाही. रील्स रोज भरतात, आणि रीलला शेवट नसतो.

तिसरा आक्षेप: आत्महत्या. पोरं नादाला लागली तर?

ही शंका खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. बाप म्हणून माझ्याही पोटात गोळा आला होता. म्हणूनच हे शिकवायचं तर नीट शिकवावं लागतं. शेवट रोमँटिक करून, पार्श्वसंगीत लावून शिकवायचं नाही. शेक्सपिअरने स्वतःच पहिल्या चौदा ओळींत सांगून टाकलंय की दोघं मरणार आहेत. म्हणजे 'पुढे काय' ही उत्सुकता त्याने आधीच काढून घेतली, राहिला फक्त 'का' आणि 'कुठे थांबवता आलं असतं'. शिक्षकाने तेच करायचं. प्रत्येक प्रवेशाला मुलांना विचारायचं: इथे हिने कुणाला सांगायला हवं होतं? तुझ्या आयुष्यात असा माणूस कोण? वर्गातल्या एखाद्या मुलाचं लक्ष वेगळंच वाटलं तर त्याच्याशी बाजूला बोलायचं, समुपदेशक असेल तर त्यांना सांगायचं. आणि फळ्यावर एक नंबर लिहून ठेवायचा, १४४१६. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन, २०२२ पासून आहे, फुकट आहे. माझ्या मुलीच्या वर्गात मॅडमनी तो लिहिला होता. दोन पानांच्या गोषवाऱ्यात तो नाही. त्यात "दे बोथ डाईड" एवढं एक वाक्य आहे आणि खाली पुढचा प्रश्न. मरण आहे, बोलणं नाही. मग सांगा, धोकादायक कुठलं?

चौथा आक्षेप: परदेशी थेर.

थोडा इतिहास. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. तिथे शिकवायला आलेल्या आगरकरांनी शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' मराठीत आणला, 'विकारविलसित' नावाने, १८८३ साली. आदल्याच वर्षी ते टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. शाळा चालवायची, पेपर चालवायचा, तुरुंगात जायचं आणि त्यातूनही मराठी माणसाला शोकांतिका द्यायची, हे त्यांना गरजेचं वाटलं. त्याच्याही आधी, १८६७ ला, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणला होता. पुढे १८९० ला देवलांनी त्याच 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला आणि 'किंग लिअर'च्या सावलीत 'नटसम्राट' लिहिला, १९७० साली. विंदांनी 'राजा लिअर' केला. आणि आपल्या मातीतली शोकांतिका हवी तर गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आहे, १९१९ चा. दारूने घर कसं जातं हे त्यात जसं आहे तसं पोलिसांच्या कुठल्याच पोस्टरवर नाही. मराठी माणूस दीडशे वर्षं शेक्सपिअरच्या शोकांतिका पचवतोय. थेर कसलं?

शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये कुठे झालं? आपल्याच पिंपरी-चिंचवडमध्ये. कमानी लागल्या, फ्लेक्स लागले, नेत्यांचे फोटो नटांपेक्षा मोठे. शहरात अत्रे रंगमंदिर आहे, मोरे प्रेक्षागृह आहे, भोसरीत लांडगे नाट्यगृह, प्राधिकरणात गदिमा नाट्यगृह. एवढं सगळं असून एका वर्गात एक नाटक तीन आठवडे टिकत नाही.

पाचवा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात जास्त लागला: "आपल्या मुलांना हे झेपणार नाही. साधं इंग्लिश पक्कं करा."

'आपल्या मुलांना' म्हणजे कुणाच्या? घरकुलमधल्या, मोरेवस्तीतल्या, साने चौकातल्या, कुदळवाडीतल्या. ज्यांचे आई-बाप लातूर, धाराशिव, बुलढाणा, यूपी, बिहारहून आलेत. मी स्वतः धाराशिवचा. आता बघा, आयसीएसई बोर्डात नववी-दहावीला शेक्सपिअरचं अख्खं नाटक लावतात, बरीच वर्षं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' होतं, मग 'ज्युलियस सीझर' आलं. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात ११ ते १४ वयाच्या मुलांना शेक्सपिअरची दोन नाटकं आहेत. म्हणजे साहेबाच्या पोराला आणि मोठ्या फीवाल्या शाळेतल्या पोराला नाटक झेपतं, आणि कामगाराच्या पोराला गोषवारा. हे कुणी ठरवलं? वाईट याचं वाटतं की आपणच ठरवलं, ग्रुपवर, दोन तासांत.

आणि झेपण्याचं म्हणाल तर आमच्या पोरीला आठ वर्षांत इंग्रजीतलं काय झेपलं ते मला माहीत आहे. धडा घडाघडा वाचते, अर्थ विचारला की छताकडे बघते. गाईडमधलं उत्तर पाठ. ज्या भाषेत तिला कधी राग आला नाही, भीती वाटली नाही, भांडावंसं वाटलं नाही, ती भाषा पक्की होणार कशी? त्या तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा इंग्रजी वाक्य घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, याचा नक्की अर्थ काय, डिक्शनरीत तीन दिलेत. साधं इंग्लिश याच वाटेने पक्कं होतं.

आता जे ग्रुपवर कुणीच लिहिलं नाही ते लिहितो.

कोयता. २०२२-२३ पासून 'कोयता गँग' हा शब्द पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दूधवाल्याच्या तोंडीही आहे. पकडलेल्यांत अल्पवयीन किती असतात ते पेपरात वाचता ना? वाढदिवसाचा केक कोयत्याने कापणारे 'भाई' कोण आहेत? कुणीतरी कुणाकडे रोखून बघितलं, कुणाच्या स्टेटसवर कुणी काही टाकलं, मग "बघून घेतो", मग मित्राचा मित्र मध्ये पडला, मग दवाखाना, मग बालसुधारगृह.

आता नाटकाचा तिसरा अंक उघडा, पहिला प्रवेश. दुपारची वेळ, ऊन तापलेलं. पोरांची दोन टोळकी रस्त्यावर. एकाला आदल्या रात्रीचा राग आहे. रोमिओ खरंच भांडायला तयार नसतो, हात जोडतो. त्याच्या मित्राला वाटतं याने नाक कापलं आपलं, म्हणून तो तलवार काढतो. रोमिओ मध्ये पडतो, मित्र मरतो, आणि आत्तापर्यंत शहाणा असलेला रोमिओ एका मिनिटात खुनी होतो. चारशे वर्षांपूर्वी लिहिलंय, पण साने चौकातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो पुढचं सांगेल. माझ्या मुलीने सांगितलं की तो प्रवेश झाला तेव्हा वर्गात मागच्या बाकावरची पोरं, जी कधी तोंड उघडत नाहीत, ती बोलायला लागली. एक म्हणाला, "मॅडम, त्याने मित्र मेल्यावर दोन मिनिटं थांबायला पाहिजे होतं."

दोन मिनिटं थांबायला पाहिजे होतं. हे त्या पोराला कुठल्या व्याख्यानाने शिकवलं असतं? पोलिसांच्या? आपल्या? आणि आपण नेमकं त्याच्या पुढच्या आठवड्यात ते बंद पाडलं. त्या पोराच्या हातात आता रिकाम्या जागा भरा आहे.

म्हणून मागण्या सरळ लिहितो. शाळेला पत्र दिलं आहे, सहा पालकांच्या सह्या आहेत, अजून हव्यात.

एक. आठवीला एक शोकांतिका शिकवली जावी. अख्खी नको, पाच-सहा प्रवेश, बारा-पंधरा तास. उभं राहून, बोलून. मराठी-हिंदीत समजावलं तर त्याला कमीपणा मानू नये. 'रोमिओ-ज्युलिएट' नको असेल तर 'ज्युलियस सीझर' घ्या, पण शेवट कापू नका.

दोन. सुरू करण्याआधी पालकांना बोलवा, नाटक काय आहे ते सांगा. शाळेने हे आधी केलं असतं तर साठातले चाळीस मेसेज पडले नसते. ही चूक शाळेचीही आहे.

तीन. शेवटच्या दोन तासांना समुपदेशक वर्गात असावा.

चार. मॉरल लिहायचं बंद करा. मुलांना लिहू द्या. चाळीस मुलं चाळीस कारणं लिहितील, त्यातली पाच आपल्याबद्दल असतील. वाचायची तयारी ठेवा.

पाच. त्या मॅडमना कुणीही बोल लावू नये. पगार किती देतात आपल्याला माहीत आहे. त्या पगारात ती बाई रात्री बसून प्रवेश सोपे करून आणत होती.

ज्यांनी ग्रुपवर लिहिलं त्यांच्याशी माझं वैर नाही. लेकराच्या काळजीनेच लिहिलं, मला माहीत आहे. पण ज्युलिएटच्या बापालाही काळजीच होती. चांगलं स्थळ होतं, पोरीचं भलं व्हावं एवढंच त्याला वाटत होतं. तो एकदा तिच्या खोलीत बसला असता आणि का नको म्हणतेस एवढं विचारलं असतं, तर नाटक तिसऱ्या अंकातच संपलं असतं.

परवा रात्री मुलीने विचारलं, "पप्पा, आमचं नाटक परत सुरू होणार का?" मी म्हणालो बघू. 'बघू' म्हणजे काय हे आपली मुलं जाणतात. यावेळी ते खोटं ठरवायचंय.

सही करायची असेल तर इनबॉक्स करा. विरोध असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, उत्तर देईन. फक्त एक विनंती, आधी तिसऱ्या अंकाचा पहिला आणि पाचवा प्रवेश वाचा. मराठीत वाचलात तरी चालेल.